तीन राजांतील गास्पर आणि तक्षशिलेचा राजा गोंडोफर्नीस

आपल्या देवालयाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असा समितीचा आग्रह झाला, तेव्हा कोणाचे चरित्र निवडावे याचा आम्हास फारसा विचार करावा लागला नाही. एक जुने ऋण आमच्या माथी होते. काही वर्षांपूर्वी तीन राजांच्या सणादिवशी मिस्सा आटोपल्यावर आमचे एक वयोवृद्ध धर्मग्रामस्थ नाताळच्या गोठ्यापुढे हात जोडून उभे होते. आपल्या थोरल्या नातवाचे नाव त्यांनी हौसेने गास्पर ठेविले होते. गोठ्यातील गास्पर हा आपल्या हिंदुस्थानातून गेलेला राजा होय, असे लहानपणी त्यांच्या आजीने त्यांना सांगितले होते. ते खरे काय, असे त्यांनी आम्हास पुसले. आम्ही दुसऱ्या मिस्सेच्या घाईत होतो. पवित्र शास्त्रात तसे काही नाही, ती दंतकथा आहे, एवढे बोलून आम्ही पुढे चालते झालो. म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण ते अपुरे होते. आणि किती अपुरे होते हे आम्हास पुढे ग्रंथ चाळताना उमगले. तोवर ते गृहस्थ देवाघरी गेले होते. त्यांना द्यावयाचे उत्तर आम्ही आता या पानांवर देत आहो.

प्रथम पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहू. संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या बारा वचनांत ही सारी हकीकत सामावलेली आहे. हेरोद राजाच्या दिवसांत पूर्वेकडून मागी लोक यरुशलेमेस आले. त्यांनी तारा पाहिला होता. बेथलेहेमेस बालकाला नमन करून त्यांनी सोने, ऊद व गंधरस ही दाने अर्पिली आणि दुसऱ्या वाटेने ते स्वदेशी परतले. ते किती जण होते, त्यांची नावे काय, ते राजे होते की नव्हते, यांपैकी एकाही गोष्टीचा उच्चार तेथे नाही. दाने तीन, म्हणून माणसे तीन असा हिशेब पुढे रूढ झाला. सुरियानी ख्रिस्ती लोकांत मात्र त्यांची संख्या बारा धरीत असत. राजेपण त्यांना बहात्तराव्या स्तोत्रावरून व यशया संदेष्ट्याच्या साठाव्या अध्यायावरून लाभले, कारण दूरदेशीचे राजे नजराणे घेऊन येतील असे भाकीत त्या ठिकाणी आहे. इ. स. २००च्या सुमारास तेर्तुल्यानुस हा आफ्रिकेतील लेखक, पूर्वेत मागी लोकांना जवळजवळ राजांचा मान असे, इतकेच लिहितो. मुकुट तर त्यांच्या मस्तकी फारच उशिरा चढले. रोममधील प्रिस्किलाच्या भुयारी स्मशानातील प्राचीन चित्रात ते मुकुटाविना लगबगीने चालत आलेले दिसतात.

मागी हा शब्द मात्र संत मत्तयाने मोजून वापरला आहे. मागी ही मेदी व पारसी लोकांतील पुरोहितांची जात होती. अग्नीची उपासना, स्वप्नांचा अर्थ लावणे, ताऱ्यांचे निरीक्षण ही त्यांची कामे. मुंबईच्या अग्यारीत अग्नीची सेवा करणारे मोबेद आपल्यापैकी पुष्कळांस ऐकून ठाऊक असतील. मोबेद हे नावदेखील त्याच मागी शब्दापासून निघाले आहे. यास्तव हे पाहुणे इराणचे असे अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंतचे मत पडले, आणि जुन्या चित्रकारांनी त्यांना इराणी टोप्या व तुमानी चढविल्या. हुतात्मा संत जस्टिन यांनी दुसऱ्या शतकात त्यांना अरबस्तानचे मानिले, कारण ऊद आणि गंधरस ही झाडे अरबस्तानात व समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होतात. कोणी बाबिलोनचे नाव घेतात, कारण ज्योतिषाचे माहेर ते. आमच्या मते अरबस्तानचा पक्ष दुबळा आहे. चीजवस्तू जेथे पिकते तेथलाच माणूस ती आणतो असे मानावयाचे, तर आपल्या देवालयात धूप जाळणारे सारेच परदेशी ठरतील! इराणचा पक्ष बळकट. आणि तो बळकट धरला की हिंदुस्थानचे दार आपोआप किलकिले होते. ते कसे, ते आता सांगावयाचे आहे.

तीन मागींची नावे लेखात प्रथम सापडतात ती एका मोडक्यातोडक्या लॅटिन कालवृत्तांतात. मूळ ग्रीक ग्रंथावरून केलेल्या या भाषांतराची आठव्या शतकाच्या सुमाराची हस्तलिखित प्रत पॅरिसमध्ये आहे. तेथे बिथिसारेआ, मेलिखिओर आणि गाथास्पा अशी नावे दिली आहेत. हा गाथास्पाच आपला गास्पर. १८६४ साली आल्फ्रेड फोन गुट्श्मिड या जर्मन पंडिताने असे दाखवून देण्याचा यत्न केला की गाथास्पा, गास्पर हे रूप गुंदफर या नावाचा अपभ्रंश होय. आणि गुंदफर हा तर संत तोमस प्रेषितास कैदेत टाकणारा व मागाहून त्याच्याच हातून स्नानसंस्कार घेणारा हिंदुस्थानचा राजा! ग्रीक नाणी त्यालाच गोंडोफर्नीस म्हणतात. आता या राजाचे चरित्र पाहिल्यावाचून आपल्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचा निकाल लागावयाचा नाही.

गोंडोफर्नीस हे नाव इराणी आहे. विंदफर्न असे त्याचे मूळ रूप असून तेज किंवा वैभव जिंकून घेणारा असा त्याचा अर्थ होतो. आपल्याकडील खरोष्ठी लिपीतील लेखांत तो गुदुव्हर, गुदफर असा येतो. तो जातीने पार्थियन, म्हणजे त्या काळी युफ्रातिस नदीपासून पूर्वेस राज्य करणाऱ्या आणि रोमशी टक्कर देणाऱ्या लोकांपैकी होता. पार्थियन सरदारघराण्यांत सुरेन घराणे फार मातबर. त्याच घराण्याचा तो असावा असे पुष्कळ इतिहासकार धरतात. त्याच्या सत्तेचे मूळ शकस्थानात, म्हणजे सांप्रतच्या इराण व अफगाणिस्तान यांच्या सीमेवरील सिस्तान प्रांतात होते. पार्थियन सम्राटाचा मांडलिक म्हणून राहण्याचे सोडून त्याने राजाधिराज ही पदवी स्वतःच धारण केली, कंदाहारचा मुलूख घेतला, काबूलचे खोरे घेतले, आणि शक राजांच्या हातून गांधार व तक्षशिला ही हिरावून घेतली. हे सर्व पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात घडले.

त्याची नाणी हाच त्याच्या कारकिर्दीचा मुख्य पुरावा आहे. हिणकस रुप्याची व तांब्याची ही नाणी हजारांनी सापडली आहेत. एका अंगास घोड्यावर बसलेला दाढीवाला राजा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या अंगास एखादी ग्रीक देवता आणि उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या खरोष्ठी लिपीत प्राकृत भाषा. त्या प्राकृत लेखात तो स्वतःस महाराज, राजातिराज, त्राता, देवव्रत अशी बिरुदे लावितो. अस्पवर्मा नावाचा एक सेनापती, इंद्रवर्म्याचा पुत्र, आधीच्या शक राजाच्या पदरी होता. गोंडोफर्नीसच्या नाण्यांवरही त्याचेच नाव आढळते. म्हणजे मुलूख जिंकल्यावर त्याने जुने अधिकारी हाकलून दिले नाहीत, त्यांच्याकडून काम घेतले. परका राजा, ग्रीक देवता, प्राकृत भाषा आणि स्थानिक सरदार असा तो सगळा मिलाफ होता; आणि या मिलाफाची राजधानी तक्षशिला.

तक्षशिला आज पाकिस्तानात, रावळपिंडीच्या वायव्येस आहे. त्या राजाच्या वेळचे शहर सिरकप या नावाच्या टेकाडाखाली गाडलेले होते. ते सर जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात खणून काढिले. एक रुंद राजरस्ता, त्यास काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या, दुकाने, बौद्धांचे स्तूप आणि एक राजवाडा, असे ते नगर उघडे पडले. शहराबाहेर जंडियाल येथे ग्रीक धर्तीचे एक देवालय निघाले. त्याच्या मागील भागी भक्कम पायाचा चौथरा आहे. तो पाहून हे अग्निमंदिर असावे असे मार्शल यांनी अनुमान केले. हे अनुमान खरे असेल तर तक्षशिलेत अग्नीचे पुरोहित, म्हणजे मागी, वावरत होते असे म्हणावे लागते. शिकंदराच्या वेळीदेखील त्या शहरात मृतांना गिधाडांपुढे टाकण्याची चाल असल्याचे ग्रीक लेखकांनी नमूद केले आहे, आणि ती चाल मागी लोकांचीच. मागी पूर्वेकडून आले याचा अर्थ इराणातून की हिंदुस्थानातून, असा वाद आपण घालतो. परंतु या राजाच्या मुलखात ती सीमारेषाच पुसट झाली होती, ही गोष्ट त्या वादात सहसा कोणी लक्षात घेत नाही.

उत्खननात आणखी एक गोष्ट कळून आली. इ. स. ३०च्या सुमारास तक्षशिलेस भूकंपाचा जबर धक्का बसला व घरे कोसळली. त्यानंतरच्या घरांचे पाये खोल घातलेले आणि भिंती नव्या, अधिक मजबूत पद्धतीने रचलेल्या आढळतात. अशा वेळी त्या देशच्या राजास कुशल गवंड्याची व सुताराची निकड भासली असल्यास त्यात नवल ते काय? संत तोमसाची कथा आरंभ होते ती नेमकी येथेच.

ही कथा सुरियानी भाषेतील संत तोमसाची कृत्ये या ग्रंथात आहे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात एडेसा नगरात तो लिहिला गेला. प्रेषितांनी जगाचे प्रांत चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले, तेव्हा तोमसाच्या वाट्यास हिंदुस्थान आला. परंतु आपण इब्री मनुष्य, हिंदी लोकांत जाऊन काय उपदेश करणार, असे म्हणून तो जाईना. त्याच सुमारास गुंदफर राजाने उत्तम कारागीर विकत आणण्यासाठी पाठविलेला हब्बान नावाचा व्यापारी यरुशलेमच्या बाजारात फिरत होता. प्रभूने स्वतः त्याच्यापुढे प्रकट होऊन तोमस हा आपला दास आहे असे सांगून त्याची विक्री केली, आणि मग तोमस मुकाट्याने गलबतात चढला. वाटेत एका राजकन्येच्या लग्नाचा प्रसंग येतो. तेथे नवरानवरीस संसारापासून परावृत्त करणारा जो उपदेश प्रेषिताच्या तोंडी घातला आहे तो ख्रिस्तसभेस मान्य नाही, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. विवाहाची निंदा करणाऱ्या पंथाची छाया त्या ग्रंथावर पडली आहे, आणि याच कारणाने तो शास्त्रबाह्य ग्रंथांत गणला गेला. आम्ही सेमिनरीत असताना याच कारणास्तव त्यातील सगळेच टाकाऊ समजत होतो. पुढची कथा मात्र कोणास आवडणार नाही?

राजाने तोमसास आपल्या कौशल्याविषयी विचारून शहराबाहेर रानापाण्याची एक जागा दाखविली. लोक उन्हाळ्यात बांधकाम करतात. तोमसाने हिवाळ्याच्या तोंडी आरंभ करून वसंतात काम संपविण्याचे ठरविले. हातातील बोरूने त्याने जमिनीवर आराखडा आखला. दरवाजे पूर्वेस, म्हणजे उजेड येईल. खिडक्या पश्चिमेस, म्हणजे वारा येईल. भटारखाना दक्षिणेस आणि पाण्याचे नळ उत्तरेस. राजा खूश झाला आणि पुष्कळ द्रव्य देऊन निघून गेला. तोमसाने ते द्रव्य घेऊन गावोगाव हिंडून गोरगरिबांस, आजाऱ्यांस वाटून टाकिले. काही काळाने राजाने चौकशी करविली. वाडा उभा राहिला आहे, छप्पर तेवढे बाकी आहे, असा निरोप गेला. राजाने छपरासाठी आणखी सोनेरुपे पाठविले. तेही त्याच वाटेने गेले. अखेर राजा स्वतः परत आला आणि इष्टमित्रांस विचारतो तो वाड्याची एक वीटही चढलेली नाही! जाब विचारता तोमसाने सांगितले की वाडा पुरा झाला आहे, परंतु राजाने हे जग सोडल्यावाचून तो त्याच्या दृष्टीस पडावयाचा नाही. राजाने तोमसास व त्याला आणणाऱ्या व्यापाऱ्यास बंदिखान्यात टाकिले आणि त्यांना कातडी सोलून जाळावे की कसे याचा विचार तो करीत बसला.

त्याच रात्री राजाचा भाऊ गाद, बंधूच्या फसवणुकीचे दुःख सहन न होऊन, आजारी पडून मरण पावला. देवदूतांनी त्याच्या आत्म्यास स्वर्गातील घरे दाखविली. त्यांत एक वाडा त्याला इतका भावला की त्याच्या खालच्या दालनात तरी राहू द्यावे अशी त्याने विनवणी केली. तो वाडा तर तोमसाने गुंदफर राजासाठी बांधलेला आहे, असे उत्तर मिळाले. मग तो वाडा विकत घेण्यासाठी परत जाण्याची मोकळीक त्याने मागितली. इकडे प्रेतास कफन चढवीत असता मेलेला भाऊ उठून बसला आणि राजाने स्वर्गातील आपला वाडा आपल्याला विकावा असा त्याने हट्ट धरिला. स्वर्गात आपला वाडा कोठून आला, असा राजा क्षणभर गोंधळला. मग त्यास सर्व उमजले. भावास नकार देऊन, हवा तर त्याच कारागिराकडून दुसरा वाडा बांधून घ्यावा असे त्याने सुचविले. तोमसाची बेडी तुटली. पुढे दोघा बंधूंनी त्याच्या हातून तेलाचा अभ्यंग व स्नानसंस्कार घेतला आणि गरिबांच्या सेवेस ते लागले.

यात इतिहास किती, असे कोणी विचारील. शेकडो वर्षे पंडितांचे उत्तर होते की मुळीच नाही. कारण गुंदफर नावाचा राजा हिंदुस्थानच्या कोणत्याच बखरीत, पुराणात वा ग्रीक रोमन इतिहासात नव्हता. मग १८३३ सालापासून काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे चार्ल्स मॅसन नावाचा एक अवलिया जुनी नाणी गोळा करू लागला. हा कंपनी सरकारच्या फौजेतून पळालेला शिपाई. त्याचे खरे नाव जेम्स लुईस. त्याने आणि इतरांनी जमविलेल्या नाण्यांवरील ग्रीक लेखांशी ताडून कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप प्रभृतींनी खरोष्ठी अक्षरे सोडविली, आणि त्या अक्षरांतून जो विस्मृत राजा वर आला त्याचे नाव होते गुदफर. सुरियानी ग्रंथात जे नाव सोळाशे वर्षे जपले गेले होते आणि ज्यास पंडित कल्पित मानीत होते, ते तांब्यावर कोरलेले निघाले! इतकेच नव्हे, तर त्याच्यामागून नाणी पाडणारा अब्दगासेस स्वतःस गुदफराचा भ्रातापुत्र म्हणवितो. म्हणजे राजास भाऊ होता हेही खरे. तो भाऊ कथेतील गादच होय असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. मेलेला उठून बसल्याचे व स्वर्गातील वाड्याचे वर्णन हे दृष्टांतकथेच्या धर्तीचे आहे, हेही आम्ही मान्य करितो. परंतु ज्या व्यापाऱ्यांच्या तोंडून एडेसाला या राजाचे नाव पोचले, त्यांना तो राजा कोण, केव्हाचा, कोठला हे ठाऊक होते, एवढे तरी निर्विवाद ठरते. संत तोमसाच्या अस्थी एका व्यापाऱ्यानेच हिंदुस्थानातून एडेसास आणिल्या असे संत एफ्रेम चौथ्या शतकात गातात. तेव्हा त्या वाटेवरील दळणवळण थोडेथोडके नव्हते.

वाड्याविषयी एक गमतीची गोष्ट येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. फिलोस्त्रातुस नावाच्या ग्रीक लेखकाने अपोलोनियुस या तत्त्वज्ञाच्या हिंदुस्थानयात्रेचे जे वर्णन केले आहे, त्यात इ. स. ४०च्या पुढेमागे तक्षशिलेस एक ग्रीक बोलणारा, मिताहारी राजा भेटतो आणि त्याच्या वाड्यात काडीचाही डौल नसतो. फ्राओतेस असे त्याचे नाव तेथे दिले आहे. तो गोंडोफर्नीसच असावा असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. मार्शल यांनी खणलेला राजवाडाही मोठ्या खाजगी घरांहून फारसा निराळा निघाला नाही. तोमसाने छपराचे पैसे खरोखरच वाटून टाकले असावेत, असे एखाद्या विनोदी वाचकास वाटल्यास आम्ही त्यास दोष देणार नाही.

राजाच्या मरणानंतर त्याचे राज्य फार दिवस टिकले नाही. अब्दगासेस व सासेस यांनी काही काळ ते सांभाळिले. त्याच शतकात एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेविली आहे, तीत सिंधूच्या मुखाकडील प्रदेशात पार्थियन सरदार एकमेकांस सतत पिटाळून लावीत असल्याचा उल्लेख येतो. आपल्या उत्तर कोकणातील सोपारे आणि कल्याण यांची नावेही त्याच पुस्तकात आहेत, म्हणून आम्ही ते विशेष आवडीने वाचले. सिंधूच्या मुखाशी असलेल्या बर्बरिकोन बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळे, काचसामान, थोडी दारू यांबरोबर ऊदही होता. अरबस्तानचा ऊद पार्थियन राजांच्या मुलखात या रीतीने जात असे. पुढे कुषाणांनी हे सारे राज्य गिळले, आणि राजाचे नाव त्याच्याच प्रजेच्या स्मरणातून गेले.

आता मुख्य प्रश्न. बेथलेहेमेस जाऊन आलेला मागी तो हाच काय? हेरोद राजा ख्रिस्तपूर्व ४ या वर्षी मरण पावला. तेव्हा प्रभूचा जन्म त्याआधीचा. गोंडोफर्नीस इ. स. २०च्या सुमारास गादीवर बसला असे आजवर बहुमताने मानले गेले आहे. म्हणजे मागी यरुशलेमेस पोचले तेव्हा तो राजा तर नव्हताच. फार तर मिसरूड फुटू लागलेला तरुण असेल. बीडच्या नावावर मोडणाऱ्या एका जुन्या लॅटिन लेखात गास्पर हा दाढी नसलेला तरुण असून त्यानेच ऊद अर्पण केला असे लिहिले आहे. हे वाचून आमचेही मन क्षणभर मोहात पडले, पण अशा योगायोगावर इमारत उभारणे बरे नव्हे. अलीकडचे काही नाणेशास्त्रज्ञ गोंडोफर्नीस ही एक पदवी होती, ती अनेक राजांनी लावली, आणि पहिला गोंडोफर्नीस ख्रिस्तजन्माच्याही आधीचा होता, असे प्रतिपादितात. तो पक्ष मान्य केल्यास तारखेची अडचण मिटते, परंतु संत तोमसाशी असलेला संबंध सैल पडतो. दोन्ही लाडू एकदम खाता येत नाहीत. शिवाय गास्पर हे नाव खजिनदार या अर्थाच्या इराणी शब्दावरून आले असेही म्हणणारे आहेत, आणि भेटी घेऊन येणाऱ्यास ते नावही शोभते.

आमचे मत असे. हा राजा बेथलेहेमेस गेला नाही; त्याचे नाव गेले. पाचव्या शतकाच्या सुमारास मत्तयाच्या शुभवर्तमानावर लिहिलेल्या एका अपुऱ्या लॅटिन टीकेत, प्रभूच्या पुनरुत्थानानंतर संत तोमस मागींच्या देशी गेला आणि त्याने त्यांना स्नानसंस्कार दिला, अशी परंपरा नोंदविली आहे. तोमसाने मागींना स्नान दिले, तोमसाने गुंदफरासही स्नान दिले, दोन्ही पूर्वेस. मग निनावी मागींपैकी एकास गुंदफराचे नाव चिकटावे हे अगदी स्वाभाविक झाले. मत्तयाने ज्यांना नावे दिली नाहीत त्यांना नाव देताना पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांस तोमसाच्या हातून स्नानसंस्कार घेतलेला जो राजा ठाऊक होता तो हिंदुस्थानचा होता. म्हातारीने नातवास सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी नव्हती, परंतु निराधारही नव्हती.

ते नाव पुढे किती फिरले! राव्हेन्नाच्या सहाव्या शतकातील मंदिराच्या भिंतीवर, लाल इराणी टोप्या घातलेल्या तिघांच्या माथ्यावर ते आजही वाचता येते. तिघांच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थी ११६४ साली मिलानहून कोलोनला नेण्यात आल्या. त्यांच्यासाठी सोन्याची पेटी घडविण्यात आली आणि पेटीला साजेसे देवालय १२४८ साली आरंभून १८८० साली पुरे झाले. पोर्तुगीज लोकांबरोबर हे नाव समुद्रमार्गाने पुन्हा आपल्या देशी आले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे सहकारी फादर गास्पर बार्झेउस होर्मुझमध्ये खपले आणि १५५३ साली गोव्यात निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी मांडवीच्या उत्तर तीरावर तीन राजांच्या नावे देवालय बांधिले. त्यावरून त्या गावासच रेईस मागुश म्हणतात. तेथे, चांदोरास आणि कासावलीस सहा जानेवारीस तीन मुलगे राजांचा वेष करून मिरवतात. त्यांतील एकाच्या माथ्यावरचा मुकुट तक्षशिलेच्या राजाचा आहे, हे त्या मुलास कोणी सांगितले असेल काय?

राजाच्या काळाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा लेख पेशावरच्या ईशान्येस, मर्दानजवळ तख्त-इ-बाही येथे सापडला. महाराज गुदुव्हर याच्या राज्याचे २६वे वर्ष, संवत १०३, वैशाख मास, असा त्याचा प्रारंभ असून कोणी भाविकाने आपल्या मातापित्यांच्या सन्मानार्थ केलेल्या दानाची त्यात नोंद आहे. हा संवत म्हणजे विक्रम संवत असे धरल्यास इ. स. ४६ हे वर्ष येते, आणि राज्यारोहणाचे वर्षही त्यावरूनच ठरविले जाते. जेमतेम दीड फूट लांबीचा तो दगड लाहोरच्या संग्रहालयात गेला. त्यापूर्वी किती पिढ्या कोण जाणे, गावच्या बायका त्याचा पाट्यासारखा मसाला वाटण्यास उपयोग करीत होत्या. मधल्या भागाची अक्षरे त्यामुळे झिजून गेली. राजाचे नाव मात्र वाचण्याजोगे राहिले.

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांचा नातू गास्पर सांप्रत आखाती देशात नोकरीस आहे. ही स्मरणिका छापून येताच तिची एक प्रत आम्ही त्यास टपालाने धाडणार आहो.